आजोबांची सायकल भंगारात घालू नका

मे महिना आला की मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात. घराची झाडलोट होते, पडवी मोकळी केली जाते आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या जिनसा अंगणात येतात. मोडका पंखा, गळके पिंप, तुटकी खाट आणि त्यांच्यासोबत आजोबांची सायकल. भंगारवाला काटा लावतो, वीस-बावीस किलो लोखंडाचे पैसे हातावर ठेवतो आणि सायकल टेंपोत टाकून निघून जातो. पडवी रिकामी झाली म्हणून घरची मंडळी समाधान मानतात. जयगड आणि खाडीच्या दोन्ही काठच्या वाड्यांतून हे दरवर्षी घडते. घरातून नेमके काय गेले याचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. तोच आज आम्ही मांडणार आहोत.

कोणी म्हणेल, समाजापुढे शिक्षण, नोकऱ्या, अत्याचार असे डोंगराएवढे प्रश्न असताना ही जुन्या सायकलची गोष्ट कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९०१ सालची हकिकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बाल भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले कोणत्या जातीची हे कळले आणि एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, पण अट अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. पुढे १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून फिरत असताना चाळीसगावला उतरले. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, परदेशांतून मोठ्या पदव्या घेऊन आले होते. तरीही टांगेवाल्यांनी त्यांना महारवाड्यापर्यंत नेण्याचे नाकारले. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे दोन्ही प्रसंग आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली त्या पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या.

या दोन प्रसंगांचे मर्म काय? पैसा होता, विद्या होती, काम सरकारी होते. नव्हते ते फक्त स्वतःचे वाहन. बैलगाडीला बैल लागतो, टांग्याला घोडा लागतो, दोन्हींना गाडीवान लागतो आणि गाडीवानाला जात असते. सायकलला यातले काहीच लागत नाही. ज्याचे पाय पायडलवर, त्याच्या हाती हँडल. आपल्या आजोबांच्या पिढीने पगारातून पै-पै साठवून सायकल घेतली, तेव्हा कोणाच्या मेहरबानीवाचून चालणारे पहिले वाहन घरात आले. म्हणून त्या सायकलचे मोल वीस किलो लोखंडाएवढे नाही.

हे सवर्ण समाजाच्या ध्यानात आपल्याआधी आले होते. देशातील अनेक खेड्यांत दलिताने वरच्या आळीतून सायकलवर बसून जाऊ नये, उतरून हाताने ढकलत न्यावी, असा दंडक होता. अकरा राज्यांतील ५६५ खेड्यांची पाहणी करून घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदी अभ्यासकांनी २००६ साली ग्रामीण अस्पृश्यतेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा बंधनांची नोंद आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पादत्राणे वा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास किंवा घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरवला आहे. देशाच्या कायद्यात सायकल हा शब्द अशा कारणासाठी यावा, यावरूनच तिचे आपल्या इतिहासातील स्थान ओळखावे.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. मुंबई-कोकण आगबोटींच्या वाटेवर जयगड हे एक बंदर होते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बोट थांबत जाई आणि गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी आपली माणसे याच वाटेने ये-जा करीत. मुंबईची नवलाई गावात आली ती त्यांच्या हातून. ट्रंक आली, कंदील आला, बाबासाहेबांची तसबीर आली आणि कोणाकोणाकडे सायकलही आली. इथला रस्ता सायकलला सोपा नाही. बंदरावरून वर यायचे तर जांभ्या दगडाचा उभा चढ, मग सडा, मग पुन्हा उतार. चढावर सायकल ढकलायची आणि उतारावर ब्रेक दाबून धरायचे. तरीही शिक्षक त्यावरून शाळेत गेले, पोस्टमनने पत्रे वाटली, लग्न लावायला निघालेले बौद्धाचार्य हँडलला पिशवी अडकवून या वाडीतून त्या वाडीत गेले. सभेचा निरोप, वर्षावासातील वाचनाची वेळ, कोणाच्या मयताची खबर, सारे या दोन चाकांवरून पोचले.

चळवळीनेही सायकलचे बळ ओळखले होते. पुण्यात संरक्षण खात्याच्या नोकरीत असताना ज्यांच्या कार्याला सुरुवात झाली, त्या कांशीराम यांनी मार्च १९८३ मध्ये दिल्लीहून सायकल यात्रा काढली. डीएस-फोर या संघटनेचे कार्यकर्ते सात राज्यांतून फिरले. मोटारी नव्हत्या, पैसे नव्हते. दोन पाय आणि दोन चाके यांची करामत असेच त्या यात्रेला म्हटले गेले. पुढच्याच वर्षी बहुजन समाज पक्ष स्थापन झाला.

जुन्या पोलादी सायकली जमवणे आणि दुरुस्त करून चालत्या ठेवणे हा जगभर मोठा छंद आहे. इटलीत तस्कनी प्रांतात १९९७ पासून ‘एरोइका’ नावाची सायकल फेरी भरते. १९८७ पूर्वीच्या घडणीची पोलादी सायकल असेल तरच तीत भाग घेता येतो, आणि रस्ताही मुद्दाम कच्च्या मातीचा निवडतात. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली काढलेल्या ‘५३१’ या हलक्या पोलादी नळीच्या शर्यती सायकली तर संग्राहक दागिन्यासारख्या जपतात. दूर कशाला, पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी अनेक वर्षे खपून जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तेथे पाहायला मिळते. मुलांना पुण्यास नेलेत तर अवश्य दाखवा.

परंतु आमचा मुद्दा पुढचा आहे. सायकल कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालची, हे संग्राहक सांगेल. ती कोणी चालवली, कोणत्या पगारातून घेतली, कोणत्या रस्त्याने नेली, हे फक्त आपणच सांगू शकतो. तो इतिहास आपण लिहिला नाही तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

तेव्हा पडवीत सायकल असेल तर आधी ती ओळखावी. हँडलच्या खाली पुढच्या नळीवर पितळेचा किंवा पत्र्याचा बिल्ला असतो. बगळ्याचे डोके असेल तर ती रॅले, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतील तर बीएसए. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅमची बंदुकांचा कारखाना असलेली कंपनी, म्हणून हे चिन्ह. विलायती कारखान्याचे नाव दिसले म्हणजे सायकल विलायतेतच बनली असे नव्हे. स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स असे कारखाने उभे राहिले. हर्क्युलस, फिलिप्स, बीएसए ही नावे या दुसऱ्या कारखान्यातून आपल्याकडे आली. अ‍ॅटलस सोनीपतची १९५१ पासूनची, हिरो लुधियानाची १९५६ पासूनची. आणि ‘हिंद’ असे नाव दिसले तर ती मुंबईच्या वरळीची. वरळी म्हटले की आपल्या माणसांना बी.डी.डी. चाळी आठवतात. त्याच वरळीत हिंद सायकलचा कारखाना होता. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० साली कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले, तरी त्या टिकल्या नाहीत. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद कारखान्याचे काम तर ३ जून २०२० रोजी, नेमके जागतिक सायकल दिनाच्या दिवशी थांबले. म्हणजे यातल्या कित्येक सायकली आता पुन्हा बनणार नाहीत.

फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, सीटच्या खाली किंवा पायडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या बुडाशी. तो पुसून वहीत लिहून घ्यावा. मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर हबवरच त्याच्या घडणीचे साल ठोकलेले सापडते. पूर्वी नगरपालिका सायकलवर वार्षिक कर घेऊन बिल्ला देत असत. तसा एखादा बिल्ला अडकलेला असेल तर तो मुळीच काढू नये. त्यावरून सायकल कोणत्या गावी कोणत्या वर्षी होती हे कळते.

आता दुरुस्तीकडे वळू. आपल्या भागात पोलादाचे दोन शत्रू आहेत. एक पाऊस, रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा. दुसरा खारा वारा. पाणी आणि हवा मिळून लोखंड गंजतेच, पण त्या पाण्यात मीठ असले की गंजण्याची क्रिया फार जलद होते. म्हणून घाटावर चाळीस वर्षे टिकणारी सायकल जयगडला दहा वर्षांत पोखरली जाते. पावसाळाभर ती भिंतीला टेकवून, वर गोणपाट टाकून ठेवण्याची पद्धत सर्वांत वाईट. गोणपाट ओल धरून ठेवते. सायकल जमिनीपासून उचलून, वारा लागेल अशी कोरड्या जागी टांगावी.

पहिला नियम असा की रंगाचा डबा शेवटपर्यंत उघडू नये. उत्साही मुले प्रथम पॉलिश पेपर घेऊन बसतात आणि तासाभरात सारे घासून टाकतात. मग त्यावर चकचकीत रंग मारतात. मातीच्या आणि जुन्या तेलाच्या थराखाली कारखान्याच्या सोनेरी रेघा आणि नावाची अक्षरे असतात, ती एकदा गेली की गेली. जुन्या मऊ फडक्यावर थोडे तेल घेऊन हलक्या हाताने पुसावे. निघेल ते निघू द्यावे, जे निघत नाही ते राहू द्यावे. जेथे रंग उडून लोखंड उघडे पडले असेल तेवढीच जागा साफ करून तेथे रंगाचा हात द्यावा.

रिम आणि हँडलवरील चकाकीवर गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमची पातळ चांदी, ज्यात पोळ्या गुंडाळतात ती, पाण्यात बुडवून घासावी. ठिपके जातात आणि चरे पडत नाहीत. सुटे नट-बोल्ट गंजले असतील तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून काही तास भिजवावेत. नंतर स्वच्छ धुऊन, ताबडतोब कोरडे करून तेल लावावे. वेळ लावला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतात. पितळी बिल्ला चिंच-कोकमाने भांड्यासारखा लखलखीत करण्याचा मोह आवरावा, त्यावरची बारीक अक्षरे झिजतात.

यानंतर सायकलवाले ज्याला ओव्हरऑयलिंग म्हणतात ते करावे. चाके, पायडलचा आस आणि हँडलचे कप उघडून जुने ग्रीस डिझेलने धुऊन काढावे. छर्रे मात्र नवेच घालावेत, ते स्वस्त मिळतात. पुढच्या हबमध्ये तीन-सोळांश इंची, मागच्या हबमध्ये आणि पायडलच्या आसात पाव इंची, असे माप बहुतेक जुन्या सायकलींना लागते. पायडलचा दांडा ज्या कॉटर पिनने आसाला धरलेला असतो, ती पिन हट्टी असते. तिच्यावर नुसता हातोडा मारला तर आसच वाकतो. रात्रभर तेल मुरू द्यावे, दांड्याखाली जाड नळीचा तुकडा आधाराला उभा करावा आणि मगच ठोकावे. फ्रेम उलटी करून सीटच्या नळीतून आत थोडे जवसाचे तेल सोडावे आणि फ्रेम फिरवून ते सगळीकडे लागू द्यावे. ते सुकून आत पातळ थर धरते. कोकणात सायकल आतून गंजून मरते, हे अनुभवी कारागीर जाणतात.

एखादा सांधा सुटला असेल तर निराश होऊ नये. जुन्या सायकलींच्या नळ्या सांध्याच्या तुकड्यात बसवून पितळेने झाळलेल्या असतात. गॅसवर पितळी काडीने काम करणारा कारागीर तो सांधा पुन्हा नीट करतो. विजेचे वेल्डिंग करू नये, पातळ नळी जळते. चिमट्याला तडा असेल तर मात्र त्यावर बसूच नये, जाणत्याला दाखवून चिमटा बदलावा. ब्रेकचे रबर जुने झाले की दगडासारखे कडक होते, ते बदलल्यावाचून उतारावर जाऊ नये. वीजप्रकल्प आणि बंदर झाल्यापासून जयगडच्या रस्त्यावर अवजड गाड्यांची वर्दळ वाढली आहे, हेही विसरू नये. सुदैवाने अठ्ठावीस बाय दीड इंची टायर-ट्यूब आपल्या देशात अजून मिळतात, कारण त्या मापाच्या सायकली अजून बनतात. त्यामुळे हा छंद गरिबाच्याही आवाक्यात आहे.

येथे कोणी शंका काढील, टायर नवा, छर्रे नवे, ब्रेक नवे, चेन नवी, मग ही आजोबांची सायकल राहिली कोठे? या शंकेचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या संवादात रथाचा प्रश्न येतो. नागसेन राजाला विचारतात, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे चाक काय? आस काय? जू काय? लगाम काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी उलगडा होतो की या सर्वांच्या जुळणीला व्यवहारात रथ हे नाव आहे, त्यापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेल्या महाविद्यालयाला याच राजाचे नाव दिले. सायकलचेही तसेच. ती जुळणी टिकवायची, चालती ठेवायची. बदललेला भाग कोणता आणि कधी बदलला हे लिहून ठेवावे, आणि काढलेला जुना भाग पिशवीत बांधून जपावा. सारे अनित्य आहे हे खरे, पण अनित्य आहे म्हणून आपल्या हाताने लवकर नष्ट करावे असे तथागतांनी सांगितलेले नाही. धम्मपदाच्या मलवग्गात तर गंजाचाच दृष्टांत आहे. लोखंडातून उपजलेला गंज लोखंडालाच खातो, तसे माणसाचे वाईट कर्म माणसाला. तेथेच पुढे घराची निगा न राखणे हा घराचा मळ म्हटला आहे. निगा राखणे हा धम्माचरणाचाच भाग आहे, हे आपल्या माता-भगिनींना वेगळे सांगायला नको.

भगिनींचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो गरीब स्त्रिया सायकल शिकल्या. प्रथम लोक हसले, टोमणे मारले. पुढे त्याच स्त्रिया पाणी, सरपण, मुले सायकलवरून नेऊ लागल्या आणि कोणावर अवलंबून राहणे सुटले. म्हणून नीट केलेली सायकल पडद्याआड ठेवू नका. नातीला त्यावर बसवा. पंजोबांना ज्यासाठी झगडावे लागले ते तिला सहज मिळाले, हे तिला सांगा.

आमची गावशाखांना आणि महिला मंडळांना विनंती आहे. या मे महिन्यात आपल्या वाडीत किती जुन्या सायकली आहेत याची पाहणी करावी. प्रत्येक सायकलसाठी वहीचे एक पान ठेवावे. कोणी घेतली, कोणत्या साली, तेव्हा काम काय होते, पगार किती, सायकल कशी गावी आली, कोणत्या कामाला वापरली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. सांगणारी माणसे थकत चालली आहेत, उशीर करू नये. वाडीतला एखादा तरुण सायकलच्या कामात हुशार असेल तर त्याला फुकट राबवू नये, योग्य मजुरी द्यावी. त्याच्या हाताला काम मिळेल. एखाद्या घरी सायकल ठेवायला जागा नसेल तर विहाराच्या पडवीत कोरडा कोपरा द्यावा आणि शेजारी ते वहीचे पान चौकटीत लावावे. पाऊस ओसरला, वर्षावास संपला की अश्विन पौर्णिमेला सर्व सायकली एकदा उघडून तेल-ग्रीस करण्याचा नेम ठेवावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्या पुढे चालाव्यात, आणि हँडल मुलींच्या हाती असावे.

भंगारवाला आपला व्यवसाय करतो, त्याला दोष नाही. काट्यावर काय ठेवायचे आणि काय नाही, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!